चहापेटीतला संगणक

“चहाला नाक असतं, आणि ज्याला नाक असतं त्याला घट्ट दार लागतं,” असं तोकुसान एकदा म्हणाले होते. शिमिझूच्या धक्क्यावर, आमच्या बोटीसमोर उभं राहून, कुणी काही विचारलेलं नसताना.

कुणी विचारलेलं नसताना बोलणं हा त्यांचा स्वभावच होता. पूर्ण नाव कात्सुमाता तोकुजी. कावानेच्या डोंगरात त्यांच्या घरी तीन पिढ्या चहापेट्या झाल्या. देवदाराच्या फळ्या, आतून पत्रा, सांध्यांना कथील, कडांवर कागदाची पट्टी आणि वरून बसणारं झाकण. अशा पेटीत चहा वर्षभर जसाच्या तसा राहायचा. पुढे चहा चकचकीत पिशव्यांतून जायला लागला, पेट्यांची मागणी आटली, बायको गेली, आणि तोकुसान हत्यारं बांधून मुलीकडे शिमिझूला राहायला आले. ओई नदी डोंगरातून उतरते तसे उतरले, वाटेतल्या प्रत्येक दगडाशी बोलत.

मुलगी नानाए सकाळी कामावर गेली की हे थेट शिडाच्या बोटींच्या धक्क्यावर. हा दोर कशाला, तो वारा कुठला, शीड फाटलं तर कोण शिवतं, बोट कलंडली तर चहाचा कप कुठे धरता. कुझे, म्हणजे आमच्या बोटीवर दिशा आणि संगणक सांभाळणारा, त्यांना दुरून पाहिलं की म्हणायचा, “पेटीवाले आले. तोंडं मिटा, नाहीतर झाकण बसवतील.” तोकुसान हसायचे आणि कुझेच्याच शेजारी जाऊन बसायचे.

एकच गोष्ट ते हळू आवाजात सांगायचे. त्यांच्या आजोबांच्या पेट्या याच बंदरातून जहाजात चढल्या होत्या. पेटीच्या बुडाला आजोबा सुऱ्याने एक बारीक खूण करत, पाण्यापलीकडे कुणी ती पेटी उलटी केली तर दिसावी म्हणून. “पेट्या गेल्या,” तोकुसान म्हणायचे, “आमच्यातला माणूस एकही गेला नाही. आजोबा नाही, बाबा नाही, मी नाही. समुद्र आम्ही दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसा बघितला.” त्यांना एकदा जायचं होतं. किनारा दिसेनासा होईपर्यंत. हे ते सगळ्यांना सांगायचे, आणि सगळे मान डोलवून आपापला दोर ओढायचे.

आमची बोट ‘हामागिकु’. जुनी, लाकडी, चार माणसांची. इकुए शिओमि तिची कॅप्टन. इकुए आणि मी शाळेपासून एकत्र. शाळेतही ती कमीच बोलायची आणि जे बोलायची त्यावर पुढे चर्चा होत नसे. उन्हाळ्यात शिमिझूहून हाचिजो बेटापर्यंत शर्यत असते. आदल्या वर्षी आम्ही त्या शर्यतीत पुढे होतो. खरोखर पुढे, मागे वळून पाहिलं तर दुसऱ्यांची शिडं नखाएवढी दिसावीत इतके पुढे. बेटाच्या अलीकडे समुद्रातला तो मोठा काळा प्रवाह आडवा येतो. तो कधी इकडून वाहतो, कधी तिकडून, आणि आज कुठे आहे हे आकाशातून, उपग्रहावरून येणाऱ्या चित्रातच कळतं. ते चित्र उघडायला कुझेने संगणक सुरू केला आणि पडदा काळा. बाहेरून पाण्याचा एक थेंब लागलेला नव्हता. केबिनमधली दमट हवाच दिवसेंदिवस आत शिरून यंत्राच्या हाडांपर्यंत गेली होती. प्रवाहाने आम्हाला पूर्वेला ओढून नेलं. बेटाला पोचलो तेव्हा बक्षीस समारंभाच्या खुर्च्या उचलत होते.

इकुए तेव्हा काही म्हणाली नाही. हिवाळाभर म्हणाली नाही. पण तिच्या डोळ्यांत ती शर्यत अजून संपलेली नव्हती.

तर वसंत लागल्यापासून आम्ही सगळे ओलाव्याच्या मागे. रबराची कड असलेले प्लास्टिकचे डबे आणले. त्यांना आतून घाम फुटला. मग इकुएने हुकूम काढला की वाळवलेल्या नोरी शेवाळाच्या डब्यातली, सेंबे या तांदळाच्या कडक बिस्किटांच्या पाकिटातली ओलावा शोषणारी पुडी कुणीही फेकायची नाही. माझ्या घरी, कुझेच्या आईकडे, शेजाऱ्यांकडे, सगळीकडून पुड्या गोळा व्हायला लागल्या. कुझेची आई तर म्हणाली की आता तुमच्या बोटीसाठी मला सेंबे खाऊन दात पाडून घ्यावे लागणार. पोतंभर पुड्या केबिनमध्ये टाकल्या. उमेची आंबट फळं पिकायच्या दिवसांतला पाऊस सुरू झाला आणि त्या पुड्या दोन-तीन दिवसांत पोट भरून गप्प झाल्या. भिंतींवर बुरशी उमटली. गाद्यांना तळ्याचा वास यायला लागला. नव्या संगणकाची बटणं बोटाला चिकटायची.

त्या दिवशी तोकुसान धक्क्यावरून आत डोकावले, नाक वर केलं आणि चहाच्या नाकाचं ते वाक्य म्हणाले. मग म्हणाले, “कॅप्टन, मी पेटी करून देतो. तुमचं यंत्र आत ठेवा.”

कुझे म्हणाला, “संगणक आहे हो तो, पहिल्या तोडणीचा चहा नाही.”

“ओलाव्याला काय कळतं आत काय आहे ते?” तोकुसान म्हणाले. मग दम घेऊन, एकदम, सगळी हिंमत गोळा करून, “पेटीने काम केलं तर मला शर्यतीला न्या.”

धक्क्यावर हशा पिकला. चौथी जागा खरोखरच रिकामी होती. इकुएचा मेहुणा ओसाकाला बदलून गेला होता. पण ती जागा कुझेने मनातल्या मनात नुमाझूच्या एका दणकट खलाशाला देऊन टाकली होती. इकुए हसली नाही. पेटी महिनाभर बोटीत राहील, पाऊस संपेपर्यंत संगणक रोज काढून बघायचा, एवढंच म्हणाली. जागेबद्दल तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तोकुसानना नाही न म्हणणं पुरेसं होतं. ते धक्क्यावरून अक्षरशः धावत गेले. त्या वयाचा माणूस धावताना मी फक्त आगीच्या वेळी पाहिला होता.

पेटी नानाएच्या घराच्या मागच्या पडवीत झाली. आम्ही बघायला जायचो, म्हणजे जावंच लागायचं, कारण ते येऊन ओढून न्यायचे. फळीला रंधा मारताना ते फळीशी बोलायचे. पत्र्याच्या सांध्यावर कथील वितळून धावायला लागलं की श्वास रोखायचे, आणि मग सगळा श्वास एकदम बोलण्यात बाहेर यायचा. समुद्राचं मीठ लाकडात शिरू नये म्हणून बाहेरून त्यांनी काकी नावाच्या कच्च्या, तुरट फळांच्या चिकाचे हात दिले; पडवीभर आंबूस उग्र वास. बाजूची म्हातारी तक्रार करायला आली आणि पेटीचं झाकण बसताना बघत उभी राहिली. कारण ते झाकण बघण्यासारखंच होतं. ठेवलं की पडायचं नाही. आतली हवा बाजूने बारीक सुटत जायची आणि झाकण आपल्या वजनाने सावकाश खाली उतरायचं, झोप लागलेल्या माणसाच्या पापणीसारखं.

पेटी केबिनच्या पायरीखाली पट्ट्यांनी बांधली. कुझेने संगणक मऊ कापडात गुंडाळून आत ठेवला, शेजारी ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. झाकण उतरलं. तोकुसान टाळ्या वाजवून देवळासमोर वाकावं तसे वाकले.

दुसऱ्या सकाळी पावसात सगळे जमलो. शेजारच्या बोटींवरचेही आले होते. पेटीची बातमी मासळी बाजारापर्यंत गेली होती. तोकुसाननी दोन्ही हातांनी झाकण उचललं.

संगणकाच्या अंगावर दव होतं. पत्र्याच्या आतल्या भिंतीवरूनही बारीक थेंब उतरत होते. मापक यंत्राचा काटा केबिनमध्ये होता त्याहून वर.

कुणी हसलं नाही, आणि ते न हसणं वाईट होतं. तोकुसाननी आत हात घालून सांधे चाचपले. एकेक सांधा. मग पेटी बाहेर काढायला लावली, पाण्याने भरली आणि धक्क्यावर ठेवून आपण शेजारी उकिडवे बसले. पाण्याचा थेंब बाहेर आला नाही. पेटी निर्दोष होती, आणि ते त्यांना जास्तच लागलं. दोष सापडला असता तर दुरुस्त करता आला असता. ते इतका वेळ गप्प बसलेले मी प्रथमच पाहिले.

बोलला तो कुझे. त्याला म्हाताऱ्याची चेष्टा करायची सवय होती, त्याला असं बसलेलं बघायची नव्हती. मापक यंत्र हातात फिरवत तो म्हणाला, “तोकुसान, पेटी झकास आहे. पण तुम्ही आत काय बंद केलंत?”

“तुझं यंत्र.”

“यंत्र एवढंसं. बाकीची पेटी?”

“बाकीची रिकामी.”

“रिकामी कुठली? काल पावसात झाकण लावलं. पेटीभर पाऊसच कोंडला आपण. रात्री पत्रा गार पडला आणि तो यंत्रावर येऊन बसला.”

तोकुसाननी त्याच्याकडे बघितलं. मग पेटीकडे. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अर्धी रिकामी पेटी बंद केलेली नव्हती. चहा भरताना पेटी हलवतात, आपटतात, वरून दाबतात, पुन्हा ओततात. कडेपर्यंत चहा आल्याशिवाय झाकण हातात घ्यायचं नाही ही पहिली शिकवण. आत हवा उरते हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण त्यांच्या पेटीत ती कधी उरलीच नव्हती. एकटी एकच वस्तू पेटीत ठेवून झाकण लावणं हे त्यांच्या आजोबांना वेडेपणाचं वाटलं असतं. हे सगळं ते एका दमात बोलले, उभं राहून, पावसात, कुझेचा खांदा गदागदा हलवत.

“भरायची राहिली,” ते म्हणाले. “अरे, पेटी भरायचीच राहिली.”

आणि पुन्हा धावले.

परत आले ते भावाच्या टेम्पोतून, कावानेहून, चहाची पोती घेऊन. पिण्याचा चहा नव्हे, देठं. पानं निवडल्यावर उरलेली, चाळून भुकटी काढलेली, काडीसारखी कोरडी देठं. कुझेची पहिली शंका भुकटी पंख्यात जाईल ही होती, तेव्हा तोकुसाननी मूठभर देठं त्याच्या काळ्या शर्टावर घासून दाखवली. डाग पडला नाही. शर्टावर चहाचा वास राहिला. नानाएने जुन्या तेनुगुई पंचांच्या पिशव्या शिवल्या, निळ्या लाटांच्या, पांढऱ्या बगळ्यांच्या, एकीवर कुठल्याशा सोबा शेवयांच्या दुकानाचं नाव. बोटीच्या चुलीवर तोकुसाननी पसरट मातीचं भांडं ठेवलं, त्यात देठं टाकली आणि भाजायला लागले.

तो वास. केबिनमध्ये महिनाभर साचलेला तळ्याचा, बुरशीचा, ओल्या लोकरीचा वास एका कोपऱ्यात सरकला, जसा उशिरा आलेल्या थोरल्याला बघून धाकटा सरकतो. देठं तडतडली. वाफ निघाली, मग वाफ थांबली. ती थांबली त्या क्षणी तोकुसाननी भांडं उतरवलं. पिशव्या भरल्या, गार झाल्या. संगणकही आधी बंद करून गार होऊ दिला. गरम यंत्र पेटीत कोंडायचं नाही हा कुझेचा नियम, आणि तोकुसाननी तो लगेच आपल्या आजोबांचा असल्यासारखा स्वीकारला. मग यंत्र मधोमध, आणि चहूबाजूंनी, खाली, वर, कोपऱ्यांत, फटींत पिशव्या. पेटी हलवली, आपटली, पुन्हा एक पिशवी कोंबली. झाकण ठेवलं तर या वेळी ते रेंगाळलं नाही, लगेच बसलं, कारण बाहेर जायला हवाच फारशी नव्हती.

सकाळी काटा खाली आला होता. दुसऱ्या सकाळी आणखी खाली. बाहेर पाऊस असा की पलीकडच्या धक्क्यावरच्या क्रेन दिसत नव्हत्या, आणि पेटीत हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारची हवा. कुझेने संगणक सुरू केला, पंख्यातून भाजक्या चहाचा झोत आला, आणि तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा यंत्राने मला चहा विचारला. शेजारच्या बोटीवाल्यांनी पेटीत हात घालून बघितला. एकाने आपला रेडिओ आणला, एकाने कॅमेरा. तोकुसान धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. चहा ओलावा पितो हे त्यांच्या घरात शाप म्हणून सांगितलं जायचं, आणि आता तोच शाप कामाला लागला होता. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली, इकुएला सांगितली, मासे विकणाऱ्या बाईला सांगितली, आणि ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा समुद्राकडे तोंड करून सांगितली.

झड संपत आली तसं इकुएने चाचणी ठरवली. बंदराला आडोसा देणाऱ्या मिहोच्या टोकाबाहेर, खुल्या उपसागरात, दक्षिणेकडून येणाऱ्या लाटांत दिवसभर. पेटीची परीक्षा आहे तर पेटीवालेही चला, असं ती म्हणाली. तोकुसान आले ते फुगलेल्या जाकिटात, आणि नानाएने समुद्र लागू नये म्हणून त्यांच्या बेंबीवर एक खारवलेलं उमे चिकटपट्टीने लावलं होतं. हे त्यांनी आम्हाला सांगण्याची गरज नव्हती, पण त्यांनी शर्ट वर करून दाखवलं.

उमेने फार वेळ टिकाव धरला नाही. टोकाबाहेर पहिल्याच मोठ्या लाटेवर तोकुसान कडेला वाकले. पण त्यांना ओकारीसाठी वेळ नव्हता, बघायचं इतकं होतं. ते बोटीच्या मागच्या टोकाला, इकुएच्या सुकाणूशेजारी, पाठीमागे तोंड करून बसले आणि येणारी प्रत्येक लाट सांगायला लागले. ही लहान. ही हिची थोरली बहीण. ही डावीकडून येतेय, लबाड आहे. मध्येच वाकायचे, तोंड पुसायचे आणि पुढची लाट न चुकवता सांगायचे. वारा चढत गेला. शिडं अशी ताणली की दोर गायला लागले. बोट लाटेच्या पाठीवर चढायची, क्षणभर थांबायची आणि खाली धावत सुटायची, आणि माझ्या पोटातून तो आनंद वर यायचा ज्याला वय नसतं. मी कित्येक वर्षं समुद्रावर जातोय, पण त्या दिवशी मी तो तोकुसानच्या तोंडून ऐकला.

“आता येतेय ती मोठी आहे,” तोकुसान म्हणाले. “हिचं डोकं पांढरं आहे. कॅप्टन, ही ऐकणार नाही.”

इकुएने वळून पाहिलं नाही. तिने सुकाणू फिरवलं. लाट तिरपी आली, बोट तिच्याखाली दबली, आणि डोंगर फुटावा तसं पाणी आमच्यावरून केबिनच्या दारातून आत गेलं. बोट आडवी झाली नाही. इकुएने सुकाणू फिरवलं नसतं तर झाली असती. खाली कुझे घोट्याएवढ्या पाण्यात उभा, गाद्या तरंगतायत, नकाशे तरंगतायत, त्याचे बूट तरंगतायत. पेटी पट्ट्यांत घट्ट होती, अर्धी पाण्यात.

पाणी उपसलं. पेटी पुसली. कुझेने झाकण उचललं, पिशव्या काढल्या, एक, दुसरी, सोबाच्या दुकानाची, बगळ्यांची. संगणक काढला. बोटं फिरवली.

“धूळ आहे,” तो म्हणाला. “धूळ आहे हो यावर. कोरडी धूळ.”

पडदा उजळला. आकाशातून आलेलं चित्र उघडलं आणि त्यात काळा प्रवाह निळ्या रंगात, वळसा घेत, दूर दक्षिणेला पडलेला दिसला. मी ओरडलो. कुझे ओरडला. वर तोकुसान कशासाठी ओरडतायत हे न कळताही ओरडले. इकुए फक्त खाली वाकून त्या निळ्या वळशाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतली ती जुनी शर्यत हलली असं मला वाटलं.

त्या दिवसानंतर धक्क्यावर सगळे धरूनच चालले की तोकुसान शर्यतीला जाणार. कारण साधं होतं. पिशव्यांतली देठं चार-पाच दिवसांत ओलावा पिऊन जड व्हायची आणि पुन्हा भाजावी लागायची. कमी भाजली तर ती ओलावा ओढत नाहीत, जास्त भाजली तर जळून भुकटी होतात. ती बरोबरची वेळ त्यांच्या नाकातच होती. नानाए त्यांना रोज बजावायची की बाबा, भाजायचं कुणाला शिकवू नका, तेच तुमचं तिकीट आहे, एवढं एक तोंड बंद ठेवा. ते मान डोलवायचे.

एका दुपारी ते भाजत होते आणि कुझेने सहज विचारलं, की उतरवायचं कधी हे कळतं कसं. मी समोर बसलो होतो. मी तोकुसानकडे बघून डोळे मोठे केले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही असेल. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारलेल्या प्रश्नासमोर हा माणूस कधी टिकला नव्हता. न विचारलेल्यासमोरही नाही. त्यांनी कुझेचा हात धरून भांड्यावर आणला. वाफ तळव्याला लागते तोवर थांब. आता ऐक, तडतड बारीक होतेय. आता नाक. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग वाळलेल्या पेंढ्याचा. पेंढ्यानंतर पिण्याच्या चहाचा वास येतो, तो यायच्या आत उतरवायचं. तो आला की उशीर झाला. त्यांनी कुझेकडून पुन्हा पुन्हा भाजून घेतलं. पहिलं कच्चं राहिलं, दुसरं जळलं, आणि तिसरं उतरवलं तेव्हा तोकुसाननी मूठभर देठं नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाले, “आजोबांनी तुला घरात घेतलं असतं.” कुझे लाजला. मी कुझेला लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला नानाएने त्यांना काय ऐकवलं ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सांगितलं, हसत. पण नंतर ते बोटीपासून जरा लांब बसले.

निघायच्या आदल्या दुपारी धक्क्यावरच्या बोट क्लबच्या खोलीत बैठक झाली. बाहेर झड संपल्याचं कडक ऊन, झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा करवतीसारखा आवाज, आत पंखा आणि गार बार्लीचा चहा. इकुए, कुझे, मी. नुमाझूचा खलाशी अजून आलेला नव्हता. बोलावलं तर संध्याकाळी येणार होता. दाराशी, आपण सहजच आलोय अशा बेताने, तोकुसान बसले होते. गुडघ्यांवर हात.

कुझेने नुमाझूवाल्याची बाजू मांडली. नीट मांडली, आडपडदा न ठेवता. तो ताकदवान आहे, रात्रीत शीड एकटा उतरवतो, समुद्र त्याला लागत नाही. बोलताना त्याने तोकुसानकडे एकदाही बघितलं नाही, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला की मला हे बोलायला आवडत नाहीये, पण बोट आधी.

इकुएने विचारलं, “देठं भाजता येतात तुला?”

“येतात.”

“पेटीत यंत्र कोरडं ठेवशील? बेटापर्यंत आणि परत?”

कुझेने पेला खाली ठेवला. खोटं बोलला असता तर तोकुसानना जागा मिळाली असती, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. पंखा एकदा आमच्याकडे वळला आणि परत गेला.

“ठेवीन,” कुझे म्हणाला. “त्यांनी नीट शिकवलंय.”

“म्हणजे पेटीसाठी तोकुसानची गरज नाही,” इकुए म्हणाली.

तोकुसाननी मान डोलवली. खरंच होतं ते. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवरून सरळ केले, कापडावरची सुरकुती मोडावी तसे, आणि आमच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला बघवला नाही, म्हणून मी बार्लीच्या चहात बघत राहिलो.

इकुए बोलतच होती. तिचा आवाज बदलला नाही, म्हणून तिचं बोलणं आमच्यापर्यंत उशिरा पोचलं. ती म्हणत होती की पहाटेच्या पाळीला सुकाणू तिच्याकडे असतं, आणि त्या वेळी लाटा मागून येतात, आणि दर वर्षी त्याच वेळी तिच्या पापण्या मिटतात. नुमाझूचा मुलगा चांगला आहे, पण तो बोलत नाही.

“त्या दिवशी ती लाट मी पाहिली नव्हती,” ती म्हणाली. “मला सांगितली गेली होती.”

कुझेने नुमाझूला लावायला काढलेला फोन खिशात टाकला.

“तोकुसान, पहाटेची पाळी तुमची,” इकुए म्हणाली. “माझ्या मागे, मागे तोंड करून. सकाळी सहाला धक्क्यावर. ओकायला बादली घरून आणा, माझ्या बोटीवरची नाही मिळणार.”

आम्ही दोघं त्यांच्याकडे वळलो. तोकुसान उठले होते. ते इकुएसमोर वाकले, खूप खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग कुझेसमोर वाकले. सरळ झाले, ओठ हलल्यासारखे वाटले. त्यांनी दाराशी काढून ठेवलेल्या चपला घातल्या, उजवी डाव्या पायात, तशाच, दार सरकवलं, आणि उन्हात बाहेर पडले.